‘आम्ही एरोस्पेस घेणार’ म्हणजे नेमकं कोण घेणार?

प्रश्न: माझा मुलगा विज्ञान शाखेत आहे, नुकताच बारावीत गेला. अकरावीत भौतिकशास्त्रात ६१, गणितात ६८ आणि रसायनशास्त्रात ८३ गुण आहेत. मी वर्षभर अवकाश क्षेत्राबद्दल वाचतो आहे. पृथ्वीच्या अगदी जवळून फिरणाऱ्या उपग्रहांसाठी हवा आत घेऊन चालणारं जे विद्युत इंजिन तयार होत आहे, त्यातच त्याचं भविष्य आहे असं माझं ठाम मत झालं आहे. इंधन न्यायला नको, ऊर्जा फुकट, त्यामुळे पुढची पन्नास वर्षं याच इंजिनाची. इस्रोने २०१६ साली घेतलेल्या चाचणीचं कात्रण सोबत जोडलं आहे. आम्ही एरोस्पेस घ्यायचं ठरवलं आहे. रसायनशास्त्राचा इथे उपयोग नसल्याने त्याचा वेळ काढून गणिताला दिला आहे. खिळे, तारा, तुटक्या चांदीच्या साखळीचे तुकडे वेगवेगळ्या पाण्यात बुडवून बाटल्या खिडकीत मांडून ठेवायची त्याला सवय होती, तीही बंद केली. पहाटे साडेचारपासूनचं वेळापत्रक पाठवत आहे. अलीकडे तो फारसं बोलत नाही. काही विचारलं की ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतो. कोणती शाखा, कोणती संस्था आणि नोकरी किती वर्षांत, हे कृपया कळवावं. – एक पालक

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा इंजिनासाठी, कारण समुपदेशनाकडे वळण्याआधी मी भौतिकशास्त्र शिकवत होते आणि हा विषय मला फार आवडतो. दुसऱ्यांदा वाचताना मी त्यात तुमचा मुलगा शोधत होते. तो मला तीनच ठिकाणी सापडला: गुणांमध्ये, खिडकीतल्या बाटल्यांमध्ये आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ या तीन शब्दांत. बाकी पत्रभर ‘आम्ही’ आहे. आम्ही ठरवलं, आम्ही वेळ कमी केला, आम्ही बंद केलं. प्रवेश मात्र एकट्याचा होतो, आणि चार वर्षं वर्गात एकटाच बसतो.

तुम्हाला त्याचं ‘तुम्ही म्हणाल तसं’ समजूतदारपणाचं वाटत असेल, तर मला त्याबद्दल आधी बोलायचं आहे. सतरा वर्षांचा मुलगा वाद घालतो तेव्हा त्याला अजून वाटत असतं की आपल्या म्हणण्याने काही बदलेल. वाद घालणं थांबवतो तेव्हा ती आशा त्याने सोडलेली असते. तुमच्या वेळापत्रकात झोपेला साडेपाच तास आहेत, मित्रांना एकही नाही, आणि ‘मोकळा वेळ’ या रकान्यात ‘अवकाशविषयक व्हिडिओ’ असं लिहिलं आहे. तेही तुम्हीच निवडलेले. हे वेळापत्रक आजच थांबवा. त्याची झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत तो रमत नसेल, तर शाखेचा विषय पूर्ण बाजूला ठेवा आणि त्याला डॉक्टरांकडे किंवा मानसोपचार जाणणाऱ्या समुपदेशकाकडे घेऊन जा. त्यात उशीर करू नका.

तुम्ही वाईट वडील आहात असं मी म्हणत नाही. वर्षभर एका अवघड विषयावर वाचत राहणारा माणूस मुलाची काळजी करणाराच असतो. पण त्या वर्षात शिकलात तुम्ही. कुतूहल तुमचं, उत्साह तुमचा, कात्रणं तुमची. हा विषय तुम्हाला इतका आवडत असेल तर तो तुम्ही स्वतः जरूर शिका, त्याला वयाची अट नाही. मुलाच्या नावावर तो चढवू नका.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक वडील अशीच नीट लावलेली फाईल घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगी शेजारी बसली होती. मी फाईल पाहिली, अर्ध्या तासात शाखा सुचवली, सगळे समाधानाने उठले. तिसऱ्या वर्षी तिने शिक्षण सोडल्याचं कळलं. त्या अर्ध्या तासात मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. तेव्हापासून मुलाशी किंवा मुलीशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय मी शाखेचं नाव घेत नाही, आणि तुमच्या पत्रालाही तोच नियम लागू आहे. त्यामुळे ‘कोणती शाखा’ याचं उत्तर या पत्रात तुम्हाला मिळणार नाही.

‘ऊर्जा फुकट’ या समजाचं उत्तर मात्र देते, कारण तुमची सगळी योजना त्यावर उभी आहे. या इंजिनाला ‘एअर-ब्रीदिंग’, म्हणजे हवा आत घेणारं, म्हणतात आणि गैरसमज त्या शब्दातून होतो. शब्द विमानाच्या इंजिनाकडून आला, तिथे हवेतल्या ऑक्सिजनवर इंधन जळतं. तुम्ही जोडलेलं कात्रण २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून झालेल्या स्क्रॅमजेट चाचणीचं आहे. तेही हवा आत घेणारं इंजिन, पण त्यात हायड्रोजन जळतो. ती अग्निबाणाला वर नेण्यासाठीची विद्या आहे, कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहासाठीची नाही. तुम्ही ज्याबद्दल लिहिता त्या इंजिनात काहीच जळत नाही. समोरून येणारे रेणू आणि अणू गोळा करायचे, विजेच्या जोरावर त्यांचे इलेक्ट्रॉन सोडवून आयन बनवायचे आणि विद्युत क्षेत्राने ते मागे फेकायचे. होडीतून दगड मागे भिरकावला की होडी पुढे सरकते, तसं. हवा म्हणजे तो दगड. भिरकावणारा हात सौर पॅनेलमधून येणाऱ्या विजेचा, आणि अवकाशात वीज ही सगळ्यांत जपून वापरायची गोष्ट असते.

हिशेब करून पाहा. २०० किलोमीटर उंचीवर एका घनमीटरमध्ये साधारण एका ग्रॅमचा ४० लाखावा भाग एवढी हवा असते. सूर्य शांत आहे की खवळलेला, यावर ती कमीजास्त होते. उपग्रह सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर धावतो, म्हणजे एक चौरस मीटरच्या तोंडासमोर सेकंदाला जेमतेम २ मिलिग्रॅम हवा येते, दिवसाला १७० ग्रॅमच्या आसपास. तिचा रोध सुमारे १७ मिलिन्यूटन. तळहातावर पावणेदोन ग्रॅमची वस्तू ठेवल्यावर जेवढा भार जाणवेल तेवढा. ऐकायला किरकोळ, पण तो क्षणभरही थांबत नाही, आणि भरून काढला नाही तर उपग्रह काही दिवसांत खाली येतो. आता समजा आत शिरलेल्या हवेपैकी ४० टक्केच हाती लागली. मग ती सेकंदाला २१ किलोमीटरच्या वेगाने मागे फेकावी लागेल, जशी आली त्याच्या पावणेतीनपट वेगाने. नुसत्या त्या झोताची शक्ती १८० वॉटच्या घरात जाते, आणि असे थ्रस्टर, म्हणजे झोत मागे फेकून उपग्रहाला ढकलणारी इंजिनं, वीज पुष्कळ वाया घालवतात, म्हणून प्रत्यक्षात कित्येक शे वॉट हवेत. त्यासाठी पॅनेल मोठं लागतं. मोठं पॅनेल हवेला जास्त अडवतं. ती अडवणूक भरून काढायला पुन्हा जास्त वीज. हवा फुकट आहे हे खरं, पण तीच तुमच्या वाटेत उभी आहे. जगभरचे लोक हा गुंता सोडवत बसले आहेत, आणि मला हा विषय आवडतो तो याच गुंत्यासाठी.

एवढ्या खाली जायचंच कशाला, याची कारणं पक्की आहेत. जमीन निम्म्या अंतरावर आली की तेवढाच बारकावा टिपायला निम्म्या व्यासाची दुर्बीण पुरते. रडारला तर त्याहून जास्त फायदा होतो. बंद पडलेला उपग्रह कचरा होऊन वर्षानुवर्षं फिरत राहत नाही, लवकरच खाली येऊन जळून जातो. युरोपीय अवकाश संस्थेचा गोचे हा उपग्रह २००९ साली गेला आणि सुमारे २५५ किलोमीटरवर, शेवटी त्याहूनही खाली, चार वर्षांहून अधिक काळ टिकला. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा नकाशा त्याने काढला. त्याच्या आयन इंजिनाला मागे फेकायला झेनॉन वायू लागत होता, सोबत ४० किलो नेला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो संपला, नोव्हेंबरमध्ये उपग्रह कोसळला. जपानचा त्सुबामे २०१९ साली १६७.४ किलोमीटरवर सात दिवस राहिला, पण त्यालाही सोबत नेलेलं इंधनच वापरावं लागलं. ही शिदोरी संपण्याची अडचण दूर करायला हवा वापरायची. मार्च २०१८ मध्ये युरोपीय संस्थेने इटलीतल्या सिताएल कंपनीच्या निर्वात कक्षात २०० किलोमीटरवरची परिस्थिती उभी करून असं इंजिन चालू केलं. आधी झेनॉन, मग नायट्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण. झोताचा निळा रंग जांभळा झाला तेव्हा कळलं की इंजिन हवेवर चालू लागलं. मला तो क्षण फार सुंदर वाटतो.

पण तारखा नीट पाहा. वरच्या वातावरणातली हवा गोळा करून वापरायची कल्पना स्टर्ज डेमेट्रिएड्स या संशोधकाने १९५९ साली मांडली होती. तिथपासून २०१८ च्या त्या जमिनीवरच्या चाचणीपर्यंत ५९ वर्षं गेली. कक्षेत वर्षानुवर्षं हवेवर चालून दाखवणारा उपग्रह अजून कोणी उडवलेला नाही. इतक्या सावकाश पिकणाऱ्या विषयावर तुम्ही ‘पदवीनंतर सहा महिन्यांत नोकरी’ असा रकाना आखला आहे. नोकरी किती वर्षांत, याचं खरं उत्तर असं की केवळ या एका इंजिनासाठी माणसं घेणाऱ्या जागा जगभरात मोजक्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींना पदव्युत्तर संशोधन लागतं. कोणत्याही मुलाने बारावीत एका विशिष्ट यंत्रावर आयुष्य लावू नये. यंत्रं बदलतात, कधी सगळा मार्गच सोडून दिला जातो.

परीक्षांबद्दल एवढंच: जेईई, सीईटी हे रस्ते तुम्हाला पाठ आहेत, आयआयएसटी या अवकाश विज्ञानाच्या संस्थेचा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डवर होतो, आणि मूलभूत विज्ञानासाठी आयसर या संस्थांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, जी तुमच्या फाईलमध्ये कुठेच दिसली नाही.

आणि आता त्या वाक्याकडे येते, ज्यापाशी मी पत्र खाली ठेवलं. ‘रसायनशास्त्राचा इथे उपयोग नाही.’

तुमच्या मुलाला सर्वांत जास्त गुण ज्या विषयात आहेत, जो तो घरी स्वतःहून करत होता, तोच तुम्ही कापलात. तेही चुकीच्या माहितीवर. त्या उंचीवर सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात आणि सुटा अणुरूप ऑक्सिजन तिथे मोठ्या प्रमाणात असतो. जोडीदार तुटलेला असल्याने तो दिसेल त्याला चिकटतो, आणि उपग्रहाच्या वेगामुळे पृष्ठभागावर सेकंदाला आठेक किलोमीटरच्या वेगाने आदळतो. प्लास्टिकचे थर तो झिजवतो. सौर पॅनेलवर नेहमी वापरली जाणारी कॅप्टॉन ही पिवळी प्लास्टिकची फिल्म तो अक्षरशः खाऊन पातळ करतो. नासाने एप्रिल १९८४ मध्ये एलडीईएफ नावाचा एक मोठा सांगाडा नमुन्यांनी भरून कक्षेत सोडला होता. तो जवळपास सहा वर्षांनी, जानेवारी १९९० मध्ये परत आणला. काय टिकलं, काय नाहीसं झालं, हे त्यावरून कळलं. आणि चांदीचं काय होतं माहीत आहे? अणुरूप ऑक्सिजनमध्ये तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, तो तडकून पापुद्र्यांनी सुटतो, खालची ताजी चांदी उघडी पडते आणि पुन्हा तेच सुरू होतं. ॲल्युमिनियमचं उलट आहे. त्याचा ऑक्साइड घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूला राखतो. सोनं जवळजवळ तसंच राहतं.

ज्या बाटल्या तुम्ही खिडकीतून काढायला लावल्या, त्यांत तुमचा मुलगा याच जातीचा प्रश्न विचारत होता. कोणता धातू कशात खराब होतो, कोणता टिकतो, का टिकतो.

या इंजिनात तर तो प्रश्न कडेचा नाही, मधोमध आहे. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की एक रेणू दुसऱ्याला भेटेपर्यंत शेकडो मीटर जातो. तिथे हवा वाहत नाही, सुटे कण भिंतींवर आपटत पुढे जातात. हवा गोळा करणाऱ्या नळ्यांच्या भिंती गुळगुळीत राहिल्या तर कण आरशावरच्या प्रकाशासारखा परावर्तित होऊन आत जातो. भिंती झिजून खडबडीत झाल्या तर तो कुठेही उसळतो आणि पुष्कळसे कण आल्या वाटेने परत जातात. म्हणजे मघाशी मी धरलेले ४० टक्के हे भिंतीच्या रसायनावर ठरतात. पुढे थ्रस्टरमध्ये इलेक्ट्रॉन पुरवणारा कॅथोड असतो, त्याच्या पृष्ठभागाला ऑक्सिजन लागला की तो निकामी होऊ लागतो. म्हणून स्टुटगार्ट विद्यापीठात प्लाझ्माला, म्हणजे आयन आणि सुट्या इलेक्ट्रॉनांच्या वायूला, इलेक्ट्रोडचा स्पर्शच होणार नाही अशी रेडिओ लहरींवर चालणारी रचना करून पाहत आहेत. मँचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या प्रकल्पात सोअर हा छोटा उपग्रह २०२१ साली सोडला, तो वेगवेगळ्या पदार्थांवर ही विरळ हवा कशी आदळते हेच बघायला. अशा गटांत प्लाझ्माचे भौतिकशास्त्रज्ञ असतात, उच्च दाबाची वीज सांभाळणारे असतात, निर्वात पंपांशी आयुष्यभर झटलेले तंत्रज्ञ असतात, पदार्थविज्ञानाचे आणि रसायनाचे लोक असतात. दारावर ‘फक्त एरोस्पेस’ अशी पाटी नसते.

इथे मला तुमची भीती वाटते, ती स्पष्ट सांगते. हे वाचून तुम्ही आज रात्री नवीन फाईल उघडाल. ‘अणुरूप ऑक्सिजन’ असं वर लिहाल, साडेचारच्या तासाला गणिताऐवजी रसायन टाकाल, बाटल्या परत आणून त्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लावाल आणि त्याला निरीक्षणांची वही द्याल. कृपा करून यातलं काहीही करू नका. मी हे तुमच्या हातात नवा आराखडा देण्यासाठी लिहिलेलं नाही. तुम्ही निरुपयोगी म्हणून फेकलेल्या गोष्टीत किती काही होतं, हे तुम्हाला दिसावं म्हणून लिहिलं. त्याला खिळ्यांच्या गंजातच रस असेल आणि उपग्रहात काडीचाही नसेल, तर तेही पूर्ण आहे. पूल, जहाजं, पाइपलाइन, शरीरात बसवायचे सांधे, बॅटऱ्या, या सगळ्यांना धातूंचं झिजणं समजणारी माणसं लागतात. किंवा दोन वर्षांनी त्याला वेगळंच काही आवडेल. आवडू द्या.

आता करायच्या गोष्टी, फार नाहीत. वेळापत्रक काढून टाका आणि त्याला झोपू द्या. रसायनशास्त्राचा काढलेला वेळ परत करा. बाटल्या काढायला लावल्या ही तुमची चूक झाली, असं त्याला त्याच शब्दांत सांगा, आणि त्याला जोडून ‘पण’ म्हणू नका. त्यानंतर गप्प राहा. तो लगेच बोलेल अशी अपेक्षा धरू नका, कदाचित आठवडे लागतील. भौतिकशास्त्रातल्या ६१ गुणांचा विषय या काळात काढू नका. ते गुण वाढू शकतात, आत्ता ते महत्त्वाचे नाहीत.

आणि त्याची इच्छा असेल तरच, पुढचं पत्र त्याने लिहावं. तुम्ही न वाचता पाकीट बंद करा. गुण, शाखा, संस्था काही लिहायला नको. चांदीच्या साखळीचा तुकडा कोणत्या पाण्यात काळा पडला आणि कोणत्यात नाही, एवढं कळवलं तरी मला पुरे. मी त्यालाच उत्तर पाठवीन.